उष्ण ढग, खळबळ आणि मिठाचे कण: या चुका टाळा

कृत्रिम पावसाचा विषय निघाला की सिल्व्हर आयोडाइडचं नाव हमखास येतं. उष्ण ढगापुरतं ते बाजूला ठेवा. शून्य अंशाखाली जाऊनही द्रवच राहिलेल्या पाण्याला गोठवणं हे त्याचं काम. उष्ण ढग म्हणजे माथ्यापर्यंत शून्याच्या वरच असलेला ढग; त्यात ते गोठवणार काय? तिथे मीठच लागतं, म्हणजे पाणी ओढून घेणारे कण.

मोठी गफलत पुढे आहे. वाफ साचत साचत थेंबाचा पाऊस होतो, असं अनेक जण धरून चालतात. मेघकणाची, म्हणजे ढगातल्या इवल्या थेंबाची, त्रिज्या साधारण 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पावसाच्या थेंबाची 1 मिलिमीटर, म्हणजे पाणी दहा लाखपट. त्यात थेंब जितका मोठा तितकी वाफेमुळे त्याची त्रिज्या सावकाश वाढते. मापाने मागे असलेले पुढच्यांना गाठतात आणि सगळे जवळपास एका मापाचे होतात. मी पहिल्यांदा संगणकावर ढग मांडला तेव्हा सगळे थेंब सारखेच घेतले होते. सगळे एकाच वेगाने, सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर खाली येत राहिले. एकही टक्कर नाही, म्हणून एकमेकांत मिसळून मोठं होणंही नाही. तुमच्याही मॉडेलमध्ये पाऊस अडला असेल तर आधी थेंबांची मापं तपासा. खरी अडचण 15 ते 40 मायक्रॉन त्रिज्येच्या दरम्यान असते. त्यापुढे मोठा थेंब वेगाने पडत लहानांना गिळत जातो.

या टप्प्यात खळबळ, म्हणजे ढगातल्या हवेची भोवऱ्यांनी भरलेली उलथापालथ, कामी येते. छोटे भोवरे जडसर थेंबांना बाहेर फेकतात, ते भोवऱ्यांच्या मधल्या जागेत दाटतात आणि त्यांचे वेगही वेगवेगळे होतात. पण ‘खळबळ जास्त, पाऊस जास्त’ हे अर्धंच खरं. तीच खळबळ कडेची कोरडी हवा आत ओढते आणि थेंब सुकवते. शिवाय सरासरी थेंबाकडे पाहू नका. लाखातला एखादा नशीबवान थेंब पुढे गेला तरी सुरुवात होते.

मीठ जितकं बारीक तितकं चांगलं, हाही गैरसमजच. अतिबारीक कण वाफ आपसांत वाटून घेतात, थेंब लहानच राहतात आणि उलट पाऊस लांबतो. कण निसर्गातल्या कणांहून मोठे, काही मायक्रॉनचे हवेत. फार जाडही नकोत: कणाचा आकार दहापट केला की तेवढ्याच वजनात संख्या हजारपट घटते. ते सोडायचे ढगाच्या तळाखाली, वर जाणाऱ्या प्रवाहात. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत थेंब आधीच मोजके नि मोठे असतात. तिथे फवारणीचा फायदा कमीच.

आणि फवारणीनंतर पाऊस आला म्हणून लगेच श्रेय घेऊ नका. तो ढग एरवीही बरसला असता. कोणत्या ढगात फवारायचं आणि कोणता तसाच सोडायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, मगच दोन्हींची तुलना करा.