लोडर धुवायला काढण्याआधीची तयारी

ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेला बकेटवाला लोडर धुवायचा म्हटलं की हात आधी पाण्याच्या पाइपकडे जातो. त्याआधी ग्रीस गन शोधा आणि ती भरलेली आहे का ते बघा. पाण्याच्या जोराने लोडरचे सांधे जोडणाऱ्या पिनांमधलं ग्रीस निघतं आणि त्या जागी पाणी जाऊन बसतं. धुतल्यावर त्याच दिवशी नवं ग्रीस भरून ते पाणी हाकललं नाही, तर न धुतलेला लोडर परवडला. २ नंबरचं लिथियम ईपी (जास्त दाब सोसणारं) ग्रीस बहुतेक लोडरना चालतं. मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तर तेच घ्या.

ग्रीसच्या शेजारी बाकीचं सामान मांडून ठेवा. भरपूर चिंध्या, चिखल खरवडायला लाकडी फळी, मऊ ब्रश, सौम्य साबण, पाने, टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळणारा पाना), लांब पहार, टॉर्च, दोन-चार जादा निपल (ग्रीस भरायची छोटी तोंडं), हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा. पुठ्ठा कशाला ते पुढे येतंच.

ट्रॅक्टर सपाट, टणक जागेवर लावा. बकेट जमिनीला पूर्ण टेकवा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि मग लोडर चालवायचा दांडा सगळ्या दिशांना हलवा, म्हणजे तेलाच्या पाइपांत अडकलेलं प्रेशर उतरतं. किल्ली खिशात टाका. बकेट वर ठेवूनच करावं लागणारं काम असेल तर कंपनीने दिलेला सिलिंडर लॉक (लोडर उचलणाऱ्या सिलिंडरचा रॉड आत येऊ न देणारी अडकवण) लावल्याशिवाय खाली वाकायचं नाही. ओंडके, विटा, जॅक यांच्या भरवशावर तर मुळीच नाही. होस (तेलाचा रबरी पाइप) फुटला किंवा कोणाचा दांड्याला धक्का लागला, तर बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

पाणी मारण्याआधी कोरडा चिखल खरवडून घ्या. तो साठतो बकेटच्या पाठीमागे, बकेट उचलणाऱ्या दोन आर्मांना जोडणाऱ्या आडव्या नळीवर आणि लोडर ट्रॅक्टरला जिथे बसतो त्या ब्रॅकेटच्या खाचांत. शेणखत, रासायनिक खत, मीठ किंवा सिमेंट उचललं असेल तर मात्र आजचं उद्यावर ढकलू नका. खत हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लोखंड खात बसतं. खरवडताना टॉर्च जवळ धरून वेल्डिंगच्या कडा बघत चला. रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ दिसला, तर ती बहुधा भेगच. ती वेल्ड करायची झाल्यास आधी बॅटरी सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा भेगेला लागूनच लावा, नाहीतर करंट पिनांतून आणि सिलिंडरमधून जातो.

प्रेशर वॉशर वापरणार असाल तर इंजिन गार होऊ द्या आणि नोझल लांब धरा. पिनांची टोकं, सिलिंडरचे सील (तेल अडवणाऱ्या कड्या), वायरिंगची जोडणी आणि रेडिएटरच्या पातळ पट्ट्या यांच्यावर थेट फवारा नको. पाइप सोडवलेले असतील तर कपलरच्या (पाइप जोडायच्या तोंडांच्या) टोप्या आधी लावा.

सिलिंडरच्या चकचकीत रॉडला तारेचा ब्रश लावू नका, चिंधीनेच पुसा. मग त्यावरून नख फिरवा. नख कुठे अडकलं तर तो ओरखडा प्रत्येक फेऱ्याला सील कापतोय. रॉडवर तेलाची पातळ ओल चालते, थेंब जमत असेल तर सील गेलं.

आता पुठ्ठा. लोडरच्या पाइपांत साधारण १५० ते २०० बार प्रेशर असतं. सुईएवढ्या छिद्रातून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीत घुसते. त्यामुळे इंजिन चालू असताना गळती शोधायला होसजवळून पुठ्ठा फिरवा, हात नाही. तेल कातडीत गेलंच, तर जखम टोचल्यासारखी किरकोळ दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. तरी लगेच दवाखाना गाठा आणि प्रेशरचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा, कारण अशा जखमेला बहुतेक वेळा तातडीचं ऑपरेशन लागतं. ज्या होसचं रबर झिजून आतली जाळी दिसते, तो बदलायचाच. टेप गुंडाळून भागत नाही.

ग्रीस भरताना निपल आधी पुसा, नाहीतर त्यावरची वाळू तुम्हीच बुशमध्ये (पिनेभोवतीच्या नळीत) ढकलता. कडेने स्वच्छ ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा. निपल घेतच नसेल तर बकेट थोडी हलवून पिनेवरचा भार बदला आणि पुन्हा बघा. तरी नाही घेतलं तर निपल बदला. एरवीही बऱ्याच लोडरना दर १० तासांच्या कामानंतर ग्रीस लागतं. बाहेर आलेलं जास्तीचं पुसून घ्या, त्यावर धूळच बसते. पहार घालून पिना हलवून बघा. बुश ढिला झाला असेल तर आत्ताच बदला. पुढे भोकच मोठं झालं की लेथवाल्याकडे जावं लागतं.

ब्रॅकेटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर तपासा, विशेषतः लोडर नवा असेल तर. समोरच्या टायरांची हवा बघा. हायड्रॉलिक तेल मोजताना बकेट खाली आणि रॉड आत असू द्या, कारण रॉड बाहेर असले की बरंच तेल सिलिंडरमध्ये असतं. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, ते बदलायला घ्या.

लोडर महिनाभर उभा राहणार असेल तर रॉड शक्य तितके आत घेऊन ठेवा, आणि जेवढा भाग बाहेर राहील त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवा. पुन्हा काम सुरू करताना ते आधी पुसून टाका, नाहीतर त्याला चिकटलेली धूळ थेट सीलमध्ये जाते.