खरं नाव राखायचं कसं: फँटसी लिहिणाऱ्यांसाठी टोपणनावाची पूर्वतयारी

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत माणसाला दोन नावं असतात. एक चारचौघांत हाक मारायचं, दुसरं खरं. खरं नाव ज्याला कळतं त्याची आपल्यावर सत्ता चालते, म्हणून ते अगदी जिवाभावाच्या माणसालाच सांगायचं. १९८१ मध्ये व्हर्नर विंज यांनी ‘ट्रू नेम्स’मध्ये हीच कल्पना संगणकांच्या जाळ्यात नेली. मी दिवसा कोड लिहिते आणि रात्री ड्रॅगनच्या गोष्टी. माझ्या मते ऑनलाइन गोपनीयतेचा याहून चांगला धडा कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. सगळं लपवायची गरज नसते. दोन नावांमधला धागा कुणाच्या हाती लागू द्यायचा नाही, एवढंच काम.

ते काम पहिली गोष्ट प्रसिद्ध करण्याआधीच करायचं. नंतर धागे शोधत बसणं फार जिकिरीचं जातं.

आधी नाव ठरवा. ते पूर्वी कुठल्या गेममध्ये किंवा चॅटमध्ये वापरलेलं नसावं. अवतरणचिन्हांत घालून सर्च करा. तुमचं जुनं काही वर आलं तर ते नाव सोडा. मग त्या नावाचा स्वतंत्र ईमेल काढा आणि त्याच्या रिकव्हरीला रोजचा ईमेल देऊ नका. पासवर्ड विसरल्याच्या पानावर बऱ्याच सेवा रिकव्हरी पत्त्याची किंवा नंबरची काही अक्षरं दाखवतात. ओळखीच्या माणसाला तेवढी पुरतात. दुसरं कुलूप म्हणून एसएमएसऐवजी फोनवरच लॉगिनचे कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा आणि फोन हरवला तर खातं उघडून देणारे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. ब्राउझरमध्येही या नावाचं वेगळं प्रोफाइल करा, म्हणजे चुकीच्या खात्यातून कमेंट पडायची भीती राहत नाही.

सर्वांत जास्त घात फोन नंबर करतो. अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले तर नाही म्हणा. तरीही भागत नाही, कारण तुमचा नंबर इतरांच्या फोनमध्ये सेव्ह असतो. त्यांनी आपली यादी अपलोड केली की ‘तुमच्या ओळखीचे’ म्हणून तुमचं टोपणनाव त्यांच्यासमोर येऊ शकतं. म्हणून ‘नंबरवरून मला कोण शोधू शकतं’ ही सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा. सिग्नल या मेसेजिंगच्या सेवेने २०२४ मध्ये युजरनेम आणलं, त्यामुळे नंबर न देता बोलता येतं. वाचकांशी, संपादकांशी बोलायला मला ते आवडतं.

आता फाइल्स. इथे जरा थांबा, कारण इथे भलेभले फसतात. तुम्ही हाताने तुमच्या राज्याचा नकाशा काढला: डोंगर, शापित अरण्य, बुडालेलं बंदर. फोनने फोटो काढून अपलोड केला. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल, तर त्या फोटोच्या एक्झिफ माहितीत (फाइलमध्ये आपोआप साठणाऱ्या तपशिलांत) अक्षांश-रेखांश बसलेले असतात. म्हणजे जे राज्य पृथ्वीवर कुठेच नाही, त्याच्या नकाशात तुमच्या घराचा पत्ता. काही साइट्स ही माहिती काढून टाकतात, पण मूळ फाइल पाठवली तर ती जशीच्या तशी जाते. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, किंवा फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवा. वर्डच्या फाइलमध्येही ‘ऑथर’ म्हणून खरं नाव असतं, शिवाय संपादनाच्या कमेंट्सवरही तेच येतं. ‘फाइल’मधल्या ‘इन्फो’त जाऊन ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा, सापडेल ते काढून टाका, मगच पीडीएफ करा आणि तिच्या प्रॉपर्टीज पुन्हा बघा. गूगल डॉक्सची लिंक पाठवायची असेल तर डॉक्युमेंट टोपणनावाच्या खात्यातच तयार केलेलं हवं.

लिहिण्याच्या शैलीवरून ओळखलं जाण्याचं काय? २०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ हे ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग यांचं टोपणनाव आहे, हे उघड झालं, तेव्हा संगणकतज्ज्ञ पॅट्रिक जुओला यांच्या प्रोग्रॅमने शब्दांची लांबी, नेहमीचे शब्द, शब्दांच्या जोड्या असं सगळं ताडून पाहिलं होतं. पण मूळ बातमी संगणकाने फोडली नव्हती. एका वकिलाने ती पत्नीच्या मैत्रिणीला सांगितली होती. म्हणून शैली बदलण्यासाठी गोष्टीचा गळा घोटू नका. कमेंट्समध्ये मात्र ऑफिसच्या गमती, गावचा पाऊस, वाढदिवस टाकू नका. असे बारके तपशील एकत्र आले की माणूस सापडतो.

शेवटी, खरं नाव कुणाकुणाला सांगायचं ते आधीच ठरवा. मला वाटतं एकाला तरी सांगावंच: तुम्ही आजारी पडलात तर खातं सांभाळेल, कुणी ऑनलाइन त्रास दिला तर सोबत उभा राहील असा माणूस. त्याला स्पष्ट सांगा, ‘हे घरातही बोलायचं नाही.’ आणि बॅकअप कोडचा कागद कुठे ठेवलाय, तेही त्याला दाखवून ठेवा.