मानसिक आजाराच्या दवाखान्याचं पोर्टल वापरायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

सगळ्यात आधी मोबाईल कोणाचा ते ठरवा, ॲप-बिप नंतर. आपल्या इकडं घरात एकच चांगला फोन राहते, तो पोराजवळ, पोरगा दिवसभर कॉलेजात नाहीतर चौकात, आणि ओटीपी येते तो तिथंच. गुडघेदुखी असती तर चाललं असतं, पण डिप्रेशनचा नाहीतर स्किझोफ्रेनियाचा इलाज चालू असेल तर अपॉइंटमेंटचा साधा मेसेजही मानसोपचार विभागाचं नाव घेऊन स्क्रीनवर झळकते आणि चार पोरं वाचतात. म्हणून ज्याचा इलाज त्याच्याच नंबरवर रजिस्ट्रेशन, बटणाचा फोन असला तरी ओटीपी येतेच त्याच्यावर, आणि ॲप दुसऱ्याच्या फोनमधी टाकायचं असेल तर कोणाच्या, हे पेशंटनं सांगायचं, सासऱ्यानं नाही. लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणार नाही ती सेटिंग तेव्हाच करून घ्या.

मग आधार. आभा म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं, त्याचा १४ आकडी नंबर आधारवरून काढायचा तर आधारला जो मोबाईल जोडलाय त्याच्यावरच ओटीपी जाते, आणि रिचार्ज नाही केला म्हणून ते सिम कधीचंच बंद पडलेलं राहते, तर पहिले आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या. फाईलवरचं नाव न् आधारवरचं नाव पण मिळवून पाहा, बाईमाणसाचं तर नक्कीच, एकीकडं बापाचं नाव एकीकडं नवऱ्याचं, असं लई होते. सेतू केंद्रातून काढत असाल तर पीडीएफ त्यांच्या कॉम्प्युटरवरून डिलीट करायला लावा न् लॉगआऊट समोर करून घ्या, लाजू नका बाप्पा, सेतूवाला ओळखीचा आहे म्हणूनच सांगतो.

आभा काढला की सगळी फाईल सगळ्यांना दिसते असं काही लोक समजतात, तसं नाही ते. कागद ज्या दवाखान्यात बनले तिथंच राहतात, दुसऱ्या डॉक्टरनं मागितले की तुमच्याकडं परवानगीची विनंती येते, त्यात कोणते कागद, कोणत्या तारखेपासूनचे, किती दिवस दाखवायचे हे निवडता येते आणि दिलेली परवानगी परतही घेता येते. दातवाल्या डॉक्टरले मनाच्या आजाराचे कागद कायले पाह्यजे? घाईत सगळ्यावर हो-हो दाबू नका एवढंच.

घरचं कोणी मदतीला असणार तर तेही आधीच कागदावर आणा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधी नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे इलाजाच्या कामात आपल्याले मदत करणारा आपणच नेमलेला माणूस, अशी सोय आहे, साध्या कागदावर लिहून सही नाहीतर अंगठा, वकील-बिकील लागत नाही. त्याच कायद्यात आपले कागद पाहायचा हक्क पण आहे, फक्त वाचून पेशंटले मोठा मानसिक त्रास होईल किंवा दुसऱ्या कोणाले धोका होईल असं वाटलं तर डॉक्टर तेवढा भाग रोखू शकतात, मग पोर्टलवर एखादं पान नाही दिसलं तर लगेच भांडायला जायच्या आधी ते विचारा. आणि जे दिसते त्यात एफ ३२, एफ ३१ असे कोड दिसतील, ती आजाराच्या वर्गवारीची नंबरं आहेत, रात्री एकट्यानं गुगल करत बसायची गोष्ट नाही ती, वहीत लिहून ठेवा न् पुढच्या भेटीत डॉक्टरले अर्थ विचारा.

लिथियम, म्हणजे मूड सांभाळायची गोळी, चालू असेल तर इथं थोडं थांबा. त्याची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात, रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त, सकाळची गोळी रक्त दिल्यावर, आणि एसटी लेट झाली तर किती वाजता रक्त दिलं ते लिहून ठेवा, कारण पोर्टलवर नुसता आकडा येते, वेळ चुकली हे त्याले कसं कळणार. आकडा लाल दिसला म्हणून आपल्या मनानं गोळी बंद नाही करायची, मेसेज टाका, फोन करा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या घरात जाते, निंदण-वखरणात घाम गेला, पाणी कमी पडलं की रक्तात लिथियम वाढते, अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेतली तरी वाढते. तर मेसेज टाकताना किती ऊन लागलं, मेडिकलवाल्यानं कोणती गोळी दिली हे लिहा. हातपाय जास्त थरथरणं, उलट्या-संडास, तोल जाणं असलं काही दिसलं तर मात्र मेसेजचं उत्तर यायची वाट न पाहता सरळ दवाखाना.

पोर्टलवरचा मेसेज कोणी लगेच वाचत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येत असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, रात्री-बेरात्रीही लागते, फुकट आहे, मराठीत बोलतात. नंबर सेव्ह करा आणि भिंतीवर पण लिहा, फोन डिस्चार्ज झाला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येते. कोणी फवारणीचं औषध घेतलंच तर १०८.

व्हिडिओवर डॉक्टर असतील तर रेंज कुठं येते ते आदल्या दिवशी पाहून घ्या, पण ती जागा पाराजवळ असेल तर काय फायदा, सगळं गाव ऐकते. शेतात बांधावर, नाहीतर उपकेंद्रात सीएचओ मॅडम (तिथल्या आरोग्य अधिकारी) ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-डॉक्टर सेवेवरून जोडून देतात, तिथं दार लावून घ्या म्हणायचं. हेडफोन, चार्जिंग, गोळ्यांच्या पत्त्यांचे फोटो ज्यात नाव न् एमजी दोन्ही दिसेल, आणि झोप किती, कोणती गोळी चुकली एवढं लिहिलेला कागद. झोपेच्या न् घबराटीच्या काही गोळ्या ऑनलाइनवर लिहून देता येत नाहीत, त्यासाठी जावंच लागते, म्हणून त्या संपायच्या आठ दिवस आधीच तारीख घ्या.

आणि कागदी फाईल फेकू नका, लाईट गेली की काउंटरवाला तेच मागते.