मूळ अवयव पाडताना थांबायचं कुठे?
२, ३, ५ च्या कसोट्या बहुतेकांना पाठ असतात. घोळ होतो तो पुढे. १५४७ घ्या. संख्या विषम, अंकांची बेरीज १७ म्हणून ३ बाद, शेवटी ० किंवा ५ नाही. ७ ने मात्र भाग जातो आणि भागाकार येतो २२१. आता १५४७ विसरा, फक्त २२१ कडे बघा. १५ चा वर्ग २२५, म्हणजे २२१ चे दोन अवयव पडलेच तर त्यातला एक १५ पेक्षा लहान असणारच; १३ च्या पुढची मूळ संख्या तपासायची गरजच नाही. सुरुवात पुन्हा ७ पासूनच करा, कारण तोच अवयव दोनदा येऊ शकतो (परीक्षेत मार्क जातात ते इथेच). ७ नाही, ११ नाही, १३ × १७ = २२१. उत्तर ७ × १३ × १७. १३ नेही भाग गेला नसता, तर २२१ हीच मूळ संख्या ठरली असती.