युवा केंद्रातले व्हॉलंटिअर टिकत नसतील तर आधी हे करा

व्हॉलंटिअर कमी पडायला लागले की बहुतेक ठिकाणी पहिलं काम काय होतं, तर पोस्टर बनवा, फॉर्मची लिंक फिरवा. नावं ढिगाने येतात, पहिल्या मीटिंगला निम्मे उगवतात आणि दोन महिन्यांनी परत ये रे माझ्या मागल्या, तेच चार जण सगळं ओढत असतात. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी नवी भरती आधी बंद करायची आणि सोडून गेलेल्यांना फोन लावायचा.

फोन कोऑर्डिनेटरने नाही, दुसऱ्या कुणीतरी करायचा, म्हणजे लोक मोकळं बोलतात. पहिल्या दिवशी कसं वाटलं, आपण नाही आलो तरी चालतंय असं कधी वाटायला लागलं, काय असतं तर थांबला असता, एवढंच विचारा. समोरचा सांगत असताना आपली बाजू मांडायची नाही, फक्त लिहून घ्यायचं. 'लोक पोरांना वेळ देत नाहीत हल्ली' हे कारण आपण आपल्या समाधानासाठी देतो, खरं तर बऱ्याचदा माणूस येतो, कोपऱ्यात उभा राहतो, काय करायचं ते कुणी सांगत नाही आणि मग तो यायचा थांबतो.

हे टिकणं एवढं महत्त्वाचं का, तर मुलांसाठी. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघींचा 2002 चा मेंटॉरिंगवरचा, म्हणजे एका मोठ्या माणसाने एका मुलाला नियमित भेटून साथ देण्यावरचा अभ्यास आहे, त्यात मेंटॉरशी नातं वर्षभर किंवा जास्त टिकलं त्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा दिसला आणि जिथे तीन महिन्यांच्या आतच तुटलं तिथे मुलांचं स्वतःबद्दलचं मत उलट खालावलं. म्हणजे अर्धवट सोडून जाणारा माणूस काहीच न देता जातो असं नाही, तो नुकसान करून जाऊ शकतो. म्हणून आठवड्याला कमी तास मागा, पण पक्के मागा.

आता काम नीट लिहून काढा. 'मुलांना मदत करणे' हे काम नाही. 'दर बुधवारी 5 ते 7, आठवी-नववीच्या सहा मुलांचा गणिताचा गृहपाठ, अडलं तर कुणाला विचारायचं, आणि काय करायचं नाही' हे काम झालं. शेवटची तारीख पण टाका. गटाच्या कामाला सहा महिने चालतील, एकास एक मेंटॉरिंगला मात्र वर्षाची तयारी नसेल तर त्या माणसाला दुसरं काम द्या, हिशोब बघणं, खेळाचं सामान, पोस्टर, कामं भरपूर असतात. तारीख असली की माणूस सन्मानाने बाहेर पडू शकतो, नाहीतर गायब होणं हा एकच मार्ग उरतो.

माणूस का आलाय हे पण विचारा. गिल क्लॅरी, मार्क स्नायडर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये सहा कारणं मांडली होती: आपली मूल्यं, नवीन शिकणं, लोकांत मिसळणं, करिअर, स्वतःबद्दल बरं वाटणं, आणि मनावरचा भार हलका होणं. यातलं कुठलंच कारण कमी दर्जाचं नाही. करिअरसाठी आलेल्याला अनुभवाचं पत्र द्या, लोकांत मिसळायला आलेल्याला एकट्याला स्टोअररूम लावायला बसवू नका.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र तडजोड नाही, माणसं कितीही कमी असली तरी. युवा केंद्रात एक गुंता असतो जो लक्षात येत नाही: संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत युवा म्हणजे 15 ते 24 आणि 1989 च्या बालहक्क करारात 18 च्या आतलं प्रत्येक जण मूल, म्हणजे 16 वर्षांची मुलगी दोन्हीकडे मोडते आणि 20 वर्षांचा व्हॉलंटिअर तिला मित्रच वाटतो. म्हणून नियम तोंडी नको, लिहून द्या आणि सही घ्या. ओळखपत्र, दोन ओळखीच्यांकडून चौकशी, आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे पार्श्वभूमीची तपासणी, हे सगळं मुलांसमोर जायच्या आधी. बंद खोलीत एकटं बसायचं नाही. मुलांशी खासगी चॅट नाही, मेसेज फक्त जबाबदार माणूस असलेल्या ग्रुपवर. परवानगीशिवाय फोटो नाही. आणि एखाद्या मुलाने त्रास झाल्याचं सांगितलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, उलटतपासणी घ्यायची नाही, शांतपणे ऐकायचं, त्याचेच शब्द लिहून त्याच दिवशी नेमलेल्या माणसाला सांगायचं. हा नेमलेला माणूस कोण हे प्रत्येकाला पाठ पाहिजे.

पहिला महिना नव्या माणसाला जुन्याची जोडी द्या, आधी बघू दे, मग करू दे. सेशन संपलं की दहा मिनिटं बसून बोला, एखाद्या मुलाने शिवी दिली, कुणी रडलं, हे मनात घेऊन माणूस घरी गेला की पुढच्या वेळी पाय जड होतो. कुणी आला नाही तर त्याच आठवड्यात फोन जायला हवा. यासाठी एका माणसाचा वेळ राखून ठेवावा लागतो, इतर कामं सांभाळून जमेल तसं बघू म्हटलं की ते होत नाही. प्रवासखर्च देता आला तर नक्की द्या, नाहीतर ज्यांना परवडतं तेवढेच येतात.

मुलामुलींनाही यात घ्या, पण खरंच घ्या. रॉजर हार्टने 1992 मध्ये युनिसेफसाठी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही, मुलांना स्टेजवर शोभेला बसवणं त्यातच आलं. व्हॉलंटिअरच्या मुलाखतीला दोन मुलं बसवा, त्यांचं मत मोजा, त्यांना कोण खरं ऐकतंय हे पटकन कळतं.

मोजताना एकूण तास धरू नका, ते फुगतात. सुरू केलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती जण आहेत आणि एका मुलाला सलग किती आठवडे तोच माणूस भेटला, हे दोन आकडे दर महिन्याला लिहा.

आणि कुणी जाणारच असेल तर मुलांना तीन आठवडे आधी, त्या व्हॉलंटिअरनेच सांगायचं, का जातोय ते पण, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला त्याच्या शेवटच्या दोन सेशनना सोबत बसवायचं.