मोहिमेसाठी मोठी सॅक निवडताना

हरिश्चंद्रगडाच्या दोन दिवसांच्या ट्रेकला ४०-५० लिटरची सॅक पुरते. हिमालयातल्या मोहिमेत मात्र जाड स्लीपिंग बॅग, डाउन (पिसांचं) जॅकेट, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांखाली बांधायचे दाते), हार्नेस (दोराला अडकवायचे अंगावरचे पट्टे), शिवाय तंबू आणि शिध्यातला आपला वाटा असं सगळं पाठीवर येतं आणि ७०-८० लिटर लागतात. नेमका आकडा घरीच काढा. सामान एका खोक्यात दाबून भरा (नसेल ते मित्रांकडून मागून आणा). खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा. ५० × ४० × ३५ चं खोकं म्हणजे ७० लिटर.

मग पाठ मोजा. मदतीला कुणीतरी हवं. मान खाली घातली की तिच्या तळाशी एक मणका ठळक वर येतो. तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप धरा. सॅकचा साइज या मापावर ठरतो, उंचीवर नाही. माझ्या पहिल्या सॅकची पाठ दोन बोटं लांब होती. कमरेचा पट्टा खाली घसरायचा, सगळा भार खांद्यांवर यायचा. तिसऱ्या दिवशी हातांना मुंग्या आल्या.

रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते, म्हणून दुकानात १५ किलो वजन भरायला लावा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा. सगळे पट्टे सैल करून आधी कमरेचा पट्टा हाडांच्या कडेवर घट्ट आवळा. मग खांद्यांचे पट्टे, त्यावरचे लोड लिफ्टर (खांद्यांवरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे छोटे पट्टे, हे साधारण ४५ अंशांत हवेत), शेवटी छातीचा पट्टा. बहुतेक भार कमरेवर आला पाहिजे. तशीच वीस मिनिटं वागवा, जिना चढा-उतरा. हेल्मेट घालून वर बघा, डोकं मागे आपटतं का ते कळेल. जाड हातमोज्यांनी बकल उघडून पाहा. आइस अ‍ॅक्स अडकवायला लूप हवेतच. कप्पे कमी असले तरी चालतील.

घेतल्यावर पहिल्याच रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढा. वजनाला पाण्याचे कॅन भरा आणि वर पोचल्यावर पाणी ओतून टाका, उतरताना गुडघे वाचतात. पावसाळा असेल तर उत्तम. रेन कव्हर पाठीकडून झिरपणारं पाणी अडवत नाही, तेव्हा आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यातच सामान भरा. खाली आल्यावर खांदे तपासा. वळ उठले असतील तर पट्टे नव्याने लावून पुढच्या रविवारी पुन्हा जा.