मूल इंग्रजी फडाफडा वाचतं, पण त्याला कळतं का?

बडोद्यातल्या मराठी घरांत मुलाच्या कानावर दिवसभरात चार भाषा पडतात. घरी मराठी, सोसायटीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. मूल चार वर्षांचं झालं की कुणीतरी सल्ला देतं, "घरी इंग्रजीच बोला, म्हणजे वाचायला सोपं जाईल." हा सल्ला मनावर घेऊ नका. आजीनं ओढूनताणून 'कम, ईट, सिट' म्हणण्यापेक्षा तिनं रंगवून सांगितलेली मराठी गोष्ट वाचनासाठी कितीतरी जास्त कामाला येते. गोष्टीत कोण आहे, त्याला काय हवंय, तो का रुसला, आता पुढे काय होणार, हा विचार मूल आधी मराठीतच करायला शिकतं आणि पुढे इंग्रजी पुस्तकातही तोच वापरतं.

पहिली पायरी: रोज दहा-पंधरा मिनिटं इंग्रजी चित्रपुस्तक मोठ्यानं वाचून दाखवा. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा.

दुसरी पायरी: अक्षरांची नावं बाजूला ठेवून आवाज शिकवा. आपल्या मुळाक्षरांत प्रत्येक व्यंजनात 'अ' मिसळलेला असतो, म्हणून मुलं 'कऽ-ॲ-टऽ' म्हणतात आणि त्यातून 'कॅट' काही जुळत नाही. आवाज तोकडा ठेवा: क्, ॲ, ट्. तीन अक्षरी शब्द जमले की बाकीचं शाळा आणि सराव करून घेतात.

तिसरी पायरी अवघड: वाचलेलं समजणं. आजवर सगळ्यात जास्त दमवलं ते मला हिनंच. मूल पान घडाघडा वाचतं, आईबाबा खूश होतात, शाळेतही शाबासकी मिळते. पण पुस्तक मिटून "काय झालं गं गोष्टीत?" असं विचारलं की मुलगी नुसती तोंडाकडे बघत राहते.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे एका सूत्रात मांडलं: वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, त्यामुळे एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच. भाषा समजत नसेल, तर वाचनाचा वेग वाढवून काहीही हाती लागत नाही.

धड्याखालच्या प्रश्नोत्तरांवरही विसंबू नका. हे वाक्य बघा: 'द ब्लिग सॅट इन द ट्रोम.' प्रश्न: 'व्हेअर डिड द ब्लिग सिट?' उत्तर: 'इन द ट्रोम.' ब्लिग आणि ट्रोम हे बनवलेले शब्द, त्यांना अर्थच नाही, तरी पूर्ण मार्क! प्रश्नातले शब्द धड्यात शोधून पुढचे उतरवायचे, ही युक्ती मुलांना फार लवकर सापडते.

मग समजलं की नाही हे ओळखायचं कसं? करून दाखवायला सांगा. एक खेळण्यातली मांजर घ्या, एक रिकामा खोका घ्या आणि वाक्य लिहून द्या: 'द बॉक्स इज ऑन द कॅट.' पुष्कळ मुलं मांजर उचलून खोक्यावर ठेवतात. कॅट आणि बॉक्स हे दोन शब्द त्यांनी ओळखले आणि मधलं सगळं अंदाजानं भरलं. आपल्याकडे 'वर', 'खाली', 'आत' हे नामानंतर येतात, इंग्रजीत आधी, त्यामुळे नेमकी तीच जागा नजरेतून निसटते. इन, ऑन, अंडर, बिहाइंड यांची वाक्यं आठवडाभर अशी हातानं करून घ्या.

नंतर 'इट', 'ही', 'शी' कुणासाठी आलंय ते विचारा. 'मीना पुट अ मँगो इन द बॅग. द बॅग फेल. इट रोल्ड अंडर द बेंच.' घरंगळलं काय? मूल 'पिशवी' म्हणालं तर लगेच चूक काढू नका. "कशावरून म्हणतोस?" एवढंच विचारा. मग ते पुन्हा वाचतं, थांबतं आणि स्वतःच म्हणतं, "पिशवी कशी घरंगळेल? आंबा!" वाचन समजायला लागतं ते इथे. 'कशावरून' याच्याइतका कामाचा प्रश्न मला दुसरा माहीत नाही.

उत्तर मराठीत आलं तर बिनधास्त चालू द्या. इंग्रजीतच उत्तर हवं असा हट्ट धरला, तर तुम्ही बोलणं तपासताय, आकलन नाही.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. शब्दांवर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहू नका. पुढच्या वेळी मूल फक्त पेन्सिलच वाचेल. आणि प्रत्येक वाक्याचं भाषांतर करून सांगू नका, नाहीतर मूल तुमच्या तोंडाकडे बघत थांबायला शिकतं. एखादा शब्द अडला तर अर्थ मराठीत चटकन सांगा आणि पुढे चला. एका पानाला एकच प्रश्न पुरे, नाहीतर गोष्टीची मजा जाते.

विषय ओळखीचा असू द्या. १९८८ मध्ये अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी मुलांना बेसबॉलवरचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण त्या खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्या मुलांना उत्तरायण माहीत आहे, फिरकी आणि मांजा माहीत आहे. पतंगाच्या गोष्टीत 'द स्ट्रिंग स्नॅप्ड' आलं की पुढे काय होणार हे त्यांना सांगावं लागत नाही. बर्फातल्या गोष्टी नंतर. प्राण्यांचं पुस्तक द्यायचं तर आधी कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात चक्कर मारून या.

पुस्तकांसाठी खर्च करायलाच हवा असं नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर पातळ्यांनुसार लावलेली पुस्तकं फुकट मिळतात, आणि अनेक गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहेत. आज मराठीतून वाचा, उद्या तीच इंग्रजीतून. महागड्या वर्कबुकपेक्षा मी हेच सांगेन. शिवाय सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेली सेंट्रल लायब्ररी मांडवीजवळ आहेच. मुलाला बरोबर न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या.

पुढच्या पातळीवर कधी जायचं? मुलानं पुस्तक मिटून गोष्ट क्रमानं मराठीत सांगितली आणि 'कशावरून' विचारल्यावर नेमक्या ओळीवर बोट ठेवलं, की जा. पानावर पाचपेक्षा जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक अजून तुम्हीच वाचून दाखवायचं आहे.